फ्रीझर कोणाचा, दुकान त्याचं : भारतातल्या आईस्क्रीमची गेली तीस वर्षं

कृष्णाकाठ

परवा या मंचावर मस्तानीवरच्या (पुण्याचं आईस्क्रीम घातलेलं दूध) चर्चेच्या धाग्यात कोणीतरी विचारलं होतं की लहानपणीच्या गावोगावच्या आईस्क्रीम कंपन्या गेल्या कुठे. तिथे लिहायला बसलो आणि लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वडिलांचं बाजारपेठेत कोल्ड्रिंक, बिस्किटं, गोळ्या असं दुकान. १९९५ साली त्यांनी एका मोठ्या कंपनीचं आईस्क्रीम ठेवायला घेतलं. त्याआधी गावात आईस्क्रीम म्हणजे उन्हाळ्यात सायकलवर येणारा गारीगारवाला, मटका कुल्फी, आणि लग्नात पॉट आईस्क्रीम. लाकडी बादली, आत उभा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, वर हँडल. आचारी हँडल फिरवायला मुलांनाच बसवायचा. तासाभराने फिरवायला जड लागलं की समजायचं, झालं. तयार कपातलं हवं असेल तर मिरजेच्या एका छोट्या कारखान्याचं यायचं, थर्मोकोलच्या पेटीत. दुपारपर्यंत विकलं तर विकलं.

असे छोटे कारखाने तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात होते आणि त्याला सरकारी कारण होतं. आईस्क्रीम हा पदार्थ लघुउद्योगांसाठी राखीव होता. अहमदाबादचं वाडीलाल (१९०७ साली सोडा फाउंटन म्हणून सुरुवात), नागपूरचं दिनशॉज (१९३२), दिल्लीकडचं क्वालिटी ही जुनी नावं आपापल्या मुलखात मोठी होती. पण सगळा देश एका कंपनीने व्यापलाय असं चित्र नव्हतं.

ते चित्र चार वर्षांत बदललं. १९९३ ते ९५ या काळात तेव्हाच्या हिंदुस्तान लिव्हर (आताच्या हिंदुस्तान युनिलिव्हर) समूहाने कॅडबरीचं डॉलॉप्स हे आईस्क्रीम घेतलं, मिल्कफूडचा आईस्क्रीमचा व्यवसाय घेतला, क्वालिटीशी हातमिळवणी केली, आणि क्वालिटी वॉल्स हे जोडनाव जन्माला आलं. १९९६ च्या मार्चमध्ये अमूलने गुजरातेत आईस्क्रीम आणलं. आणि १९९७ मध्ये सरकारने ज्या पंधरा वस्तू लघुउद्योगांच्या राखीव यादीतून काढल्या, त्यात आईस्क्रीम होतं.

वर्तमानपत्रात याला 'आईस्क्रीम युद्ध' वगैरे म्हणायचे. जाहिराती, चवी, भाव यावर लिहून यायचं. दुकानात बसून मी जे पाहिलं ते वेगळं होतं. लढाई चवीची नव्हती, फ्रीझरची होती.

आमच्या दुकानात पहिला डीप फ्रीझर आला तो दिवस मला लख्ख आठवतो. अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरून आला होता. टेम्पोतून चौघांनी उतरवला. पांढराशुभ्र, हार्ड टॉप, म्हणजे वरून पत्र्याचं झाकण, काच नाही. ठेवायला जागा करायची म्हणून वडिलांनी बिस्किटांचं लाकडी कपाट मागच्या खोलीत नेलं. फ्रीझरवर कंपनीचं चित्र होतं आणि तो कंपनीचाच होता. आपण फक्त डिपॉझिट भरायचं. पहिल्या दिवशी लोक झाकण उघडून नुसते आत हात घालून बघत होते. वडील कोणाला नाही म्हणाले नाहीत.

त्या फ्रीझरची एक अट होती : यात फक्त आमचाच माल. छापील कागदावर सही होती. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, फ्रीझर त्यांचा, माल त्यांचा. पण मिरजेचा तो छोटा कारखानदार, जो पंधरा वर्षं वडिलांना उधारीवर माल द्यायचा, तो आता थर्मोकोलची पेटी घेऊन आला की ती ठेवायची कुठे? पुढच्या वर्षी शेजारच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचा फ्रीझर आला, समोर तिसऱ्या. प्रत्येकात एकेकाचाच माल. त्या कारखानदाराचं आईस्क्रीम चांगलं होतं, दुधाचं होतं, स्वस्तही होतं. त्याच्याकडे गावोगाव ठेवायला फ्रीझर नव्हते. २००१ च्या आसपास त्याने कारखाना बंद केला आणि जागा भाड्याने दिली.

विजेचंही सांगायला हवं. २००५ नंतरची काही वर्षं आमच्याकडे भारनियमन भयंकर होतं. ऐन एप्रिल-मेमध्ये दिवसाचे आठ-दहा तास लाईट नाही. आई घरातल्या दोन गोधड्या आणायची आणि फ्रीझरवर अंथरायची. झाकण उघडायचं नाही. गिऱ्हाईक आलं तर 'लाईट आल्यावर या' म्हणायचं, तोंडावर परत पाठवायचं. आत मिठाच्या पाण्याच्या गोठवलेल्या पिशव्या कोपऱ्यांत लावायच्या. तरी वरच्या थरातले कप मऊ पडायचे. लाईट आली की ते पुन्हा गोठायचे, पण आता आत बर्फाची कचकच आणि कपात आईस्क्रीम एक बोट खाली बसलेलं. वडील प्रत्येक कपावर अंगठा दाबून बघायचे. दबला की बाजूला. कंपनी तो माल परत घेत नसे. आम्ही भावंडांनी ती दोन वर्षं जेवढं आईस्क्रीम खाल्लं तेवढं पुन्हा कधी खाल्लं नाही, आणि आई प्रत्येक कपामागे किती पैसे गेले ते वहीत लिहीत होती.

२००८ च्या मे महिन्यात कंपनीचा माणूस तपासणीला आला. फ्रीझरच्या तळाशी त्याला गावातल्याच एका बाईंच्या कुल्फ्या सापडल्या. त्यांच्याकडे फ्रीज नव्हता, म्हणून वडिलांनी ठेवून घेतल्या होत्या, विकायला सुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि फ्रीझर उचलून नेला. मे महिन्यात. डिपॉझिट परत मिळायला सव्वा वर्ष लागलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अट सगळ्यांचीच सारखी होती.

या लढाईत शेवटी अमूल पुढे निघालं. ते का जिंकलं याची खूप कारणं सांगतात. भाव कमी, 'रियल मिल्क'ची जाहिरात, सहकारी संघाचं दूध. ती खरीच आहेत. माझ्या मते मोठं कारण हे की त्यांच्याकडे लोणी आणि चीजमुळे थंड साखळी आधीच उभी होती. दुकानात फ्रीझर ठेवून फक्त चार महिने चालणारा माल विकायचा, की त्याच फेरीत बारा महिने लोणी, चीज, पनीरही पोचवायचं, यात खर्चाचा जमीनअस्मानाचा फरक पडतो.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः कारखान्याच्या बाजूने कोणी असेल तर.

गोधडीवाली

किती सुंदर लिहिलंय. आमच्याकडेही गोधडीच असायची, इचलकरंजीला. आईस्क्रीमच्या दुकानात नाही, घरच्या फ्रीजवर.

एक भर घालते. त्या काळात घरचं आईस्क्रीमही बदललं ना? जीएमएस पावडर, सीएमसी पावडर! महिला मंडळात त्याचे क्लास निघाले होते. दूध, साखर, कॉर्नफ्लोअर, चमचाभर जीएमएस, चिमूटभर सीएमसी, उकळायचं, गोठवायचं, मग बाहेर काढून साय घालून मिक्सरमधून फिरवायचं. दुपटीने फुगायचं. फुगलेलं भांडं बघून घरातले सगळे टाळ्या वाजवायचे. माझ्या सासूबाईंनी त्यावर उन्हाळाभर ऑर्डरी घेतल्या आहेत.

सायसाखर

@गोधडीवाली ताई, तुमच्या सासूबाई जे करत होत्या तेच कारखान्यात होतं, फक्त मोठ्या यंत्रात. मी डेअरी टेक्नॉलॉजी शिकले, अकरा वर्षं आईस्क्रीमच्या उत्पादनात काढली, त्यामुळे ही बाजू मांडते.

जीएमएस म्हणजे इमल्सिफायर, फॅट आणि पाणी धरून ठेवतो. सीएमसी म्हणजे स्टॅबिलायझर, बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही. आणि मिक्सरमधून फिरवल्यावर जे फुगतं ती हवा. तिला आमच्यात ओव्हररन म्हणतात. एक लिटर मिश्रणाचं दोन लिटर आईस्क्रीम झालं तर शंभर टक्के ओव्हररन. हवा म्हणजे फसवणूक असं अनेकांना वाटतं, तसं नाही. हवा नसेल तर चमचा जाणार नाही, नुसता गोड बर्फाचा गोळा. प्रश्न किती हवा एवढाच आहे. आपल्याकडे आईस्क्रीम वजनावर नाही, मिलीलिटरवर विकलं जातं, म्हणून नियमाने किमान वजन ठरवून दिलंय : एका लिटरला ५२५ ग्रॅम. मिश्रणाची घनता लिटरला साधारण अकराशे ग्रॅम धरा. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त हवा कायद्याला चालते.

आता फॅट. साध्या 'आईस्क्रीम' या नावाला किमान १० टक्के दुधाची फॅट लागते, आणि ती दुधाचीच. त्याखाली मध्यम फॅट, अडीच टक्क्यांच्या खाली लो फॅट. दुधाच्या फॅटऐवजी पाम किंवा नारळाचं तेल वापरलं की ते आईस्क्रीम राहत नाही, फ्रोझन डेझर्ट होतं आणि पाकिटावर तसं लिहावंच लागतं. गेल्या पंधरा वर्षांतलं सगळ्यात मोठं भांडण याच दोन शब्दांवरून झालं. २०१७ मध्ये अमूलच्या एका जाहिरातीवरून हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली. फ्रोझन डेझर्ट म्हणजे वनस्पती तूप असा समज ती जाहिरात पसरवते, असा त्यांचा आक्षेप होता. जूनमध्ये न्यायालयाने ती जाहिरात दाखवायला मनाई केली.

माझं स्वतःचं मत : फ्रोझन डेझर्ट हे विष नाही, तशा भीतीचे व्हॉट्सॲपवरचे निरोप बंद व्हायला हवेत. पण गिऱ्हाईकाला माहीत हवं की तो काय घेतोय. दुधाची फॅट महाग, तेल स्वस्त. २०२२ मध्ये गुरांमध्ये लम्पी रोगाची साथ आली, त्यानंतर बटरचे भाव चढले, तेव्हा दुधाच्या फॅटवर चालणाऱ्या छोट्या कारखान्यांचे काय हाल झाले ते मी पाहिलंय. आमच्याच कारखान्यात मालक रोज सकाळी आधी बटरचा भाव विचारायचे आणि मग कोणता फ्लेवर लावायचा ते ठरायचं. त्यांनी तेलाकडे वळायचं नाही असं ठरवलं आणि दोन मशीनं विकली.

तराजू

@सायसाखर, तुमचा ५२५ चा आकडा वाचून स्वयंपाकघरातला काटा काढला. फ्रीजमध्ये दोन डबे होते. एक ७०० मिलीचा, त्यात डब्याचं वजन वजा जाता ३७२ ग्रॅम. हिशेबाने ३६८ लागतात, म्हणजे नियमाच्या काठावर. दुसरा ५०० मिलीचा, जरा महागातला, तो ३९० ग्रॅम भरला. महागातला मिलीला जवळजवळ दीडपट महाग होता, पण ग्रॅमला भाव काढला तर दोन्ही जवळजवळ सारखे निघाले! बायको म्हणाली, आता बासुंदीपण मोज.

वऱ्हाडी_पाहुणा

कृष्णाकाठ भाऊ, तुमचा मुद्दा पटला, पण पूर्ण नाही. आमच्या नागपुरात दिनशॉज टिकलंच ना? मोठ्या कंपन्या तिथेही फ्रीझर घेऊन आल्याच होत्या. दिनशॉजचं दूध रोज सकाळी घरी यायचं, त्यामुळे गावाला ते नाव परकं नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात आईस्क्रीम वितळू न देता पानठेल्यापर्यंत पोचवायचं कसं हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक.

गुजरातेत वाडीलाल आणि हॅवमोर अमूलच्या अंगणात टिकले. तमिळनाडूत अरुण आईस्क्रीम तर फार आधीच, मोठ्या शहरांत जागा मिळेना म्हणून छोट्या गावांकडे वळलं आणि त्यातून वाढलं. आज त्यामागची हटसन ही केवढी मोठी डेअरी कंपनी आहे. म्हणजे प्रादेशिक कंपन्या मेल्या असं सरसकट म्हणता येत नाही.

कृष्णाकाठ

@वऱ्हाडी_पाहुणा, बरोबर आहे तुमचं, मी सरसकट लिहायला नको होतं. पण बघा, तुम्ही दिलेल्या बहुतेक नावांमागे एक तर दुधाचा मोठा धंदा आहे नाहीतर जुनं भांडवल आहे. स्वतःचे फ्रीझर ठेवायची त्यांची ताकद होती. मिरजेच्या कारखान्याची नव्हती. जिल्ह्यापुरते जे होते ते गेले, राज्यापुरते जे होते ते राहिले.

गॅस्केट

मी फ्रिजचा मेकॅनिक. १९९८ पासून. सोलापूर, पंढरपूर, अकलूज या पट्ट्यात कंपन्यांचे फ्रीझर मीच सांभाळायचो. दोन गोष्टी लिहितो.

एक. दुकानदार बर्फ काढायला सुरी नाहीतर स्क्रू ड्रायव्हर घालायचे. भिंतीच्या आत नळी असते, तिला भोक पडलं की गॅस गेला आणि फ्रीझर गेला. मी सगळ्यांना सांगायचो, लाकडी उलथनं वापरा. ज्यांनी ऐकलं त्यांचे फ्रीझर अजून चालू आहेत. वीस वर्षं जुने.

दोन. हार्ड टॉप जाऊन ग्लास टॉप आले तेव्हा विक्री वाढली, कारण मुलांना आतलं दिसायला लागलं. पण काचेतून उष्णता आत जाते. त्याच दुकानात, त्याच उन्हात हार्ड टॉप लाईट गेल्यावर पाच-सहा तास धरायचा, ग्लास टॉप तीन तासांत हार मानायचा. भारनियमनाच्या गावात ग्लास टॉप देऊ नका असं मी साहेबांना लिहून दिलं होतं. दिले तरी. त्या उन्हाळ्यात दुकानदारांचा माल गेला आणि शिव्या मी खाल्ल्या.

कृष्णाकाठ दादांच्या आईंनी गोधडी टाकली ते एकदम बरोबर केलं. फक्त बाजूची जाळी झाकायची नाही, तिथून कंप्रेसरची गरम हवा बाहेर पडते.

मेवाडची_गाडी

फ्रीझर कोणाचा या प्रश्नाचं एक उत्तर राहिलं. ज्यांचा फ्रीझर चाकावर आहे त्यांचं काय? संध्याकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहणारे ते रंगीत दिव्यांचे टेम्पो, मेवाड आईस्क्रीम लिहिलेले. राजस्थानातल्या भिलवाड्याकडची माणसं येतात, होळीनंतर गाडी घेऊन निघतात आणि पाऊस लागला की परत जातात. मी ज्या गाडीवाल्याला ओळखतो तो आमच्या बार्शीत सलग चौदा वर्षं येतोय. दूध इथल्याच गवळ्याकडून घेतो, दुपारी गाडीतच आटवतो, मीठ-बर्फात गोठवतो, रात्री बारापर्यंत विकतो. उरत नाही, त्यामुळे साठवायचा प्रश्न नाही. कंपनी नाही, डिपॉझिट नाही, तपासणीला कोणी येणार नाही.

पॉट आईस्क्रीम संपलं असं आपण म्हणतो. ते लग्नातून उठून टेम्पोत गेलं, एवढंच.

पिस्ता_हिरवा_नसतो

गेलाटोवर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पुण्यात माझं छोटं गेलाटोचं दुकान होतं, सहा वर्षं चालवलं.

गेलाटो म्हणजे इटालियन आईस्क्रीम असं लोक म्हणतात, पण फरक मापातला आहे. फॅट कमी, साधारण ४ ते ८ टक्के. हवा फारच कमी, वीस-तीस टक्के. आणि वाढायचं तापमान उणे १२ ते १४. आईस्क्रीम उणे १८ ला साठवतात. तापमानाचा हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. जिभेला कमी गार लागतं, म्हणून चव जास्त कळते. फॅट कमी असल्यामुळे जिभेवर थर बसत नाही. सीताफळ गेलाटोत खाऊन बघा, मग मी काय म्हणतोय ते कळेल.

आता आपल्याकडे त्याचं काय होतं ते सांगतो. उणे १३ ला मऊ राहील अशी कृती बसवायला साखरेचा तोल सांभाळावा लागतो. थोडी साखर काढून डेक्स्ट्रोज (दुसऱ्या प्रकारची साखर) घालायचं, म्हणजे गोठणबिंदू खाली जातो. मी आठवडेच्या आठवडे एकेका फळावर घालवलेत. हापूसमध्ये स्वतःचीच साखर इतकी असते की त्याचा हिशेब वेगळा, जांभळाचा वेगळा. बॅच फ्रीझरमधून पहिली रिबीन बाहेर पडते, रेशमासारखी, तो क्षण मी अजून विसरलो नाही. आणि दुपारी तीनला लाईट जाते, जनरेटर लागायला दोन मिनिटं, काऊंटर उणे ९ ला पोचतो, आणि सकाळची सगळी मेहनत सूप होते.

त्यात डिलिव्हरी. ॲपवरून ऑर्डर आली तर पाठवायचं कसं? उणे १३ चं गेलाटो वीस मिनिटांत पातळ. म्हणून उणे १८ ला कडक करून पाठवायचं, मग गिऱ्हाईक म्हणतं हे तर दगड आहे. मॉलमध्ये उभं राहून खाणाऱ्याचा हा पदार्थ आहे. २०२० ला मॉल बंद झाले आणि माझंही दुकान बंद झालं.

आपल्या अन्न नियमांत आईस्क्रीम आणि कुल्फी ही नावं आहेत. गेलाटो असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे साधं आईस्क्रीम गोल डब्यात भरून वर गेलाटो लिहिणारे मी कितीतरी पाहिले. याचा मला अजून त्रास होतो. ज्यांनी मापं सांभाळली त्यांची मेहनत त्या एका शब्दात बुडाली.

जुहूचा_किनारा

@पिस्ता_हिरवा_नसतो, सीताफळावरून आठवलं. आपल्याकडे कमी हवेचं, फळाच्या चवीचं आईस्क्रीम गेलाटो शब्द यायच्या आधीपासून होतं. नॅचरल्स, जुहू, १९८४. रघुनंदन कामत मूळचे मंगळूरकडच्या मुल्कीचे, वडील फळं विकायचे. फळ पिकलंय की नाही ते हाताने ओळखायचं लहानपणापासून शिकलेले. सुरुवातीला दुकानात पावभाजीही ठेवली होती, कारण नुसतं आईस्क्रीम खायला लोक येतील की नाही याची खात्री नव्हती. तिखट पावभाजीवर गार काहीतरी हवं, हा हिशेब. मे २०२४ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या सोसायटीतल्या लोकांनी शहाळ्याचं आईस्क्रीम आणून वाटलं.

त्यांचं गणित कृष्णाकाठ यांच्या सिद्धांताबाहेरचं आहे. दुसऱ्याच्या दुकानात फ्रीझर ठेवण्यापेक्षा स्वतःच्या नावाची दुकानं काढली. कांदिवलीच्या कारखान्यातून माल निघणार आणि आपल्याच दुकानात विकला जाणार. मधे दुसरा कोणी अंगठा दाबून बघायला नकोच.

सव्वापाच

कराबद्दल लिहितो, मी जीएसटीचं काम करतो.

१ जुलै २०१७ ला आईस्क्रीमवर १८ टक्के लागला. तो सगळ्यांनाच लागला. पण छोट्या उत्पादकांना जी मार बसली ती वेगळीच. लहान व्यापाऱ्यांसाठी उलाढालीवर ठरावीक कमी कर भरायची जी कंपोझिशन योजना होती, तिच्यातून आईस्क्रीम बनवणाऱ्यांना वगळलं. यादीत सोबत कोण? पानमसाला आणि तंबाखू. कुल्फीवाला आणि गुटखावाला एका ओळीत. पुढे २०१९ मध्ये वस्तू विकणाऱ्यांची नोंदणीची मर्यादा ४० लाख झाली, आईस्क्रीमवाल्यांना मात्र २० लाखच. माझ्याकडे एक कोल्हापूरचे आजोबा यायचे, पासष्टीचे, कुल्फी आणि कॅंडी बनवणारे. दर महिन्याला विवरणपत्र भरायला वह्या घेऊन बसायचे. मला विचारायचे, मी दूधच आटवतो ना, मग मला तंबाखूत का घातलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पार्लरवाल्यांचा गोंधळ त्याहून जास्त. ते समजत होते आपण हॉटेलसारखे, ५ टक्के भरायचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये परिपत्रक आलं की पार्लर तयार आईस्क्रीम विकतं, काही शिजवत नाही, म्हणून १८. मागच्या चार वर्षांचं काय, या भीतीने लोकांच्या झोपा उडाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये मागे भरलेला ५ टक्केच पुरेसा धरला तेव्हा जीव भांड्यात पडला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून आईस्क्रीम ५ टक्क्यांत आलं. आठ वर्षांनी. आजोबांनी मधेच धंदा बंद केला होता.

डार्कस्टोअर_मुलुंड

मी त्या दहा मिनिटांत पोचवणाऱ्या ॲपच्या गोदामात पाळी सांभाळतो. कृष्णाकाठ सर, तुमचा धागा वाचून एक सांगावंसं वाटलं. आमच्या गोदामात फ्रीझर ॲपवाल्यांचे आहेत, कुठल्याही आईस्क्रीम कंपनीचे नाहीत. एकाच कप्प्यात सात-आठ कंपन्यांचा माल शेजारी-शेजारी. पुण्याचं एनआयसी, हॅवमोरच्या आधीच्या मालकांनी, म्हणजे चोना घराण्याने काढलेलं होको, अमूल, वॉल्स, आणि काही अशी नावं जी दुकानात कधी दिसलीच नाहीत. रात्री साडेदहा ते बारा सगळ्यात जास्त जातं. पावसाळ्यात सुद्धा. पूर्वी जूनमध्ये धंदा संपायचा म्हणता, आमच्याकडे तसं काही नाही.

पण छोट्या कंपनीला आत यायचं तर कमिशन द्यायचं, आणि ॲपच्या यादीत वर दिसायचे वेगळे पैसे. एका छोट्या ब्रँडची ताई स्वतः माल सोडायला यायची, तीन महिन्यांनी यायची बंद झाली.

आकडेमोड

मोठ्या घडामोडी एका ठिकाणी असाव्यात म्हणून थोडक्यात. २०१७ : कोरियाच्या लोट्टेने हॅवमोर १,०२० कोटींना घेतलं. फेब्रुवारी २०२५ : त्यांचा नवा कारखाना पुण्याजवळ तळेगावला सुरू. डिसेंबर २०२५ : हिंदुस्तान युनिलिव्हरमधून आईस्क्रीमचा धंदा वेगळा काढून क्वालिटी वॉल्स (इंडिया) ही स्वतंत्र कंपनी. जुन्या भागधारकांना एकास एक शेअर. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी सगळ्यांना विकत घेत सुरुवात केली, त्यांनीच तो धंदा बाजूला काढला. वेगळा करण्यामागे कंपनीने सांगितलेलं एक कारण या धाग्याच्या शीर्षकाशी जुळतं : आईस्क्रीमची थंड साखळी त्यांच्या इतर मालापेक्षा वेगळी आहे, साबण आणि चहाच्या गाडीत ती बसत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. @गॅस्केट दादा, जाळीचं आज पहिल्यांदा कळलं. आम्ही ती झाकत होतो.

@डार्कस्टोअर_मुलुंड, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. फ्रीझर कंपनीच्या हातातून ॲपच्या हातात गेला, म्हणजे अट बदलली, मालक बदलला. त्या ताईंबद्दल वाईट वाटलं.

कोणीतरी व्यक्तिगत निरोपात विचारलं की फ्रीझर नेल्यावर आमच्या दुकानाचं काय झालं. २०१० मध्ये वडिलांनी स्वतःचा फ्रीझर घेतला, जुना, हार्ड टॉप, कर्ज काढून. त्यात कोणाचाही माल ठेवायचा असं ठरवलं. त्या कुल्फीवाल्या काकूंना खालचा एक कप्पा कायमचा दिला. काकू आता थकल्या, त्यांची सून करते, गुळाची कुल्फी. कर कमी झाल्यावर या उन्हाळ्यात तिने पहिल्यांदा नोंदणीची चौकशी केली. @सव्वापाच, तिचा प्रश्न तुम्हाला वेगळा पाठवतोय, बघाल का?

रात्री वडिलांना सगळा धागा वाचून दाखवला. कामतांच्या पावभाजीवर हसले, पासष्टीच्या आजोबांवर गप्प झाले. शेवटी म्हणाले, एक चूक केलीयस, ती दुरुस्त कर. फ्रीझर अक्षय तृतीयेला नाही आला, पाडव्याला आला. अक्षय तृतीयेपर्यंत पहिला माल संपून दुसरा मागवला होता.